उभे, बसलेले आणि ड्यूटीवर असलेले

कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या वर्धापनदिनाचे जुने फोटो शेजारी शेजारी मांडले, तर सगळे एकाच कार्यक्रमाचे वाटतात. व्यासपीठ, पांढरी चादर घातलेलं टेबल, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास. समई पेटवणारे पाहुणे आणि त्यांच्या हातातल्या मेणबत्तीकडे टक लावून बघणारी पाचसहा माणसं. मग हार, शाल, श्रीफळ. मग स्मरणिकेचं प्रकाशन. आणि शेवटी इमारतीसमोरचा मोठा ग्रुप फोटो: खुर्च्यांवर डीन आणि विभागप्रमुख, त्यांच्यामागे लेक्चरर, त्यांच्यामागे बाकांवर चढलेले रजिस्ट्रार आणि हाउसमन हे निवासी डॉक्टर, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले विद्यार्थी. पन्नासावं वर्ष असो की पंचाहत्तरावं, माणसं बदलतात, मांडणी तीच राहते.

बहुतेक लोक हे फोटो भराभर उलटतात. मला ते तासन्‌तास बघत बसायला आवडतं, आणि अलीकडे तर त्यांनी माझी झोप उडवली आहे. निमित्त केईएमच्या शंभरीचं.

मुंबईत परळचं केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय सुरू झालं २२ जानेवारी १९२६ रोजी. त्याला जोडलेलं शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी नुसतं 'जीएस'. शंभर वर्षं भरली तसे जुन्या विद्यार्थ्यांच्या, निवृत्त सिस्टरांच्या, कर्मचाऱ्यांच्या घरांतून फोटो बाहेर पडायला लागले. कुणी कपाटाच्या वरच्या खणातून काढले, कुणी मोबाइलवर फोटोचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लगेच प्रतिक्रिया येतात: 'सोनेरी दिवस', 'काय माणसं होती', हात जोडलेले. पण फोटोतली माणसं कोण, हे दहातल्या नऊ फोटोंखाली लिहिलेलं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

आधी त्या खुर्च्यांच्या रांगेबद्दल. ती मला कधीच कंटाळवाणी वाटली नाही, कारण केईएमच्या बाबतीत ती रांग हीच मुळात एक मागणी होती. मुंबईत डॉक्टरकी शिकवणारं आधीचं मोठं कॉलेज म्हणजे ग्रँट मेडिकल, १८४५ सालचं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जेजे रुग्णालय त्याला जोडलेलं. कॉलेज सरकारी, त्यामुळे मानाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे, आणि ती सर्व्हिस बव्हंशी इंग्रजांची. विलायतेतून मोठमोठ्या परीक्षा पास होऊन आलेल्या देशी डॉक्टरलाही तिथे प्राध्यापकाची खुर्ची सहजासहजी मिळत नसे. गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजसाठी पैसे देताना म्हणूनच अट घातली, की इथे शिकवणारे सगळे पात्र भारतीय असले पाहिजेत, सरकारी सेवेतले नकोत. महापालिकेनं ती अट मान्य केली. पहिले डीन झाले डॉ. जीवराज मेहता. अमरेलीचे, ग्रँट मेडिकलमध्ये शिकून लंडनला गेलेले, गांधीजींच्या जवळचे. १९४२ पर्यंत त्यांनी संस्था सांभाळली आणि पुढे १९६० साली ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

तेव्हा सुरुवातीच्या त्या ग्रुप फोटोंत पहिल्या रांगेत एका ओळीनं देशी माणसं बसली आहेत, हे आज आपल्या लक्षातही येत नाही. त्या काळी ते बघणाऱ्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं असेल. पाठीमागची इमारत जॉर्ज विटेट यांची. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बांधणाऱ्या याच माणसानं परळच्या गिरण्यांच्या धुराड्यांमध्ये ते लांबलचक कॉरिडॉरचं रुग्णालय उभं केलं आणि ते सुरू झालं त्याच वर्षी ते वारले. भोवती गिरणगाव. लूमवर बोट गेलेला, छातीत कापूस साठलेला, चाळीच्या जिन्यावरून पडलेला, सगळे पहिल्यांदा इथेच. आज १८०० हून जास्त खाटा आहेत, आणि तरी दोन खाटांमध्ये जमिनीवर गादी टाकलेली दिसतेच.

माझी मावशी या रुग्णालयात सिस्टर होती. चिपळूणकडच्या गावातून नर्सिंगला आली, क्वार्टर्समध्ये राहिली, ऑपरेशन थिएटरला ड्यूटी केली आणि तिथूनच निवृत्त झाली. संस्थेची पन्नाशी झाली तेव्हाचा, म्हणजे १९७६ चा, थिएटर स्टाफचा एक फोटो तिच्याकडे आहे. कृष्णधवल, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा. कित्येक वर्षं तो चिकट पानांच्या अल्बममध्ये होता. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि खाली डिंकाच्या रेघा असलेले ते अल्बम सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघरी होते. फोटोंचं त्यांच्याइतकं नुकसान क्वचितच दुसऱ्या कशानं केलं असेल. डिंक कागदात मुरतो आणि फोटो पिवळा पडत जातो. ओढून काढायला जावं तर फाटतो. आम्ही दात साफ करायचा बारीक दोरा फोटो आणि पान यांच्यामध्ये घालून, करवतीसारखा हळूहळू पुढेमागे सरकवत तो सोडवला. मावशीनं दोरा दोन्ही हातांत ताणून धरला तेव्हा तिच्या बोटांना काही शिकवावं लागलं नाही. थिएटरमध्ये टाक्यांचे धागे पुढे करण्यात जन्म गेलेला.

फोटो स्कॅन करून मोठा केला आणि मग आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो.

तेवीस माणसं. मधल्या खुर्च्यांवर सर्जन. त्यांची नावं मावशीनं एका दमात सांगितली, हुद्द्यांसकट. त्यातल्या एकाबद्दल 'हात हलका, तोंड जड' अशी टिप्पणीही झाली. सिस्टरांच्या रांगेत जरा वेळ लागला, कारण अर्ध्याजणींची लग्नाआधीची आडनावं आठवत होती आणि अर्ध्याजणींची नंतरची. एक केरळची, एक कारवारची, दोघी नगर जिल्ह्यातल्या. कोण कुठे गेली, कोण आता नाही, हे सांगताना ती मध्येच थांबायची आणि मी विचारायचं टाळायचे. मग कडेची माणसं आली. वॉर्डबॉय, आयाबाई, स्वीपर. इथे मावशी अडखळली.

'हे मामा. रात्री एकटे ऑक्सिजनचे सिलिंडर ओढत आणायचे. लिफ्ट बंद पडली की रॅम्पवरून. कधी उशीर नाही केला.'

'नाव?'

'मामाच म्हणायचो गं सगळे.'

आठवण अगदी पक्की आहे. त्यांची चालण्याची पद्धत, खिशातली चंची, मुलीच्या लग्नाला काढलेलं सोसायटीचं कर्ज, सगळं तिला ठाऊक आहे. नाव तेवढं नाही. यात मावशीचा काही दोष नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात जा, वॉर्डबॉय मामा असतात आणि आयाबाई मावश्या. त्यात माया आहे, कामाच्या घाईत नातं जोडायची सोय आहे. पण त्याच सोयीमुळे पन्नास वर्षांनी फोटोसमोर बसल्यावर पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव मिळतं आणि शेवटच्या रांगेतल्या चौघांचं मिळून एकही मिळत नाही.

उजव्या टोकाला एक तरुण उभा आहे. रांगेपासून जरा सुटून. त्याच्या हातात ड्रेसिंगचा ड्रम आहे, ज्यात गॉजचे तुकडे भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला लावतात तो गोल स्टीलचा डबा. ड्रमच्या बाजूची भोकं स्पष्ट दिसतात, ती उघडी आहेत. म्हणजे ड्रम ऑटोक्लेव्हला जायचा आहे. वाफ आत शिरावी म्हणून भोकं आधी उघडी ठेवतात आणि बाहेर काढल्यावर लगेच बंद करतात, हे मावशीनं सांगितलं तेव्हा कळलं. बाकी सगळ्यांनी हात पुढे बांधलेत किंवा मागे घेतलेत. हा एकटा काम हातात घेऊन आला आहे. कुणीतरी गॅलरीतून हाक मारली असेल, 'ये रे तूही', आणि तो जाता जाता येऊन उभा राहिला असेल. ड्रम खाली ठेवायला हवा होता असं त्याला वाटलं नाही, किंवा खाली ठेवला तर चालत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

फोटोत मावशीच्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट मला एकटीला कधीच दिसली नसती. भूलतज्ज्ञ फोटोत नाहीत. एकही नाही. सर्जन चार आणि भूल देणारं कुणीच नाही, हे कसं? तिनं डोळे बारीक केले. 'आत केस चालू होती. पोट फुगलेला पेशंट आला होता सकाळीच. मॅडम आत होत्या, एक सिस्टर आत, एक मामा आत.' मग थोड्या वेळानं: 'ते तिघं कधीच आले नाहीत फोटोत. फोटोवाला थांबला नाही.'

त्या दिवसापासून मी प्रत्येक वर्धापनदिनाच्या फोटोकडे वेगळ्या नजरेनं बघते. शाळेचा वर्धापनदिन असेल तर त्या दिवशी तास होत नाहीत. बँकेचा असेल तर शटर अर्धं खाली ओढता येतं. रुग्णालयाला ते जमत नाही. खाली शामियाना घातलेला असतो आणि वर लेबर रूम चालू असते. कॅज्युअल्टीच्या दारात टॅक्सी येऊन थांबतच असते. म्हणून रुग्णालयाच्या उत्सवाच्या फोटोत कोण आहे हे पुष्कळदा त्या घटकेला कोणाला सोडता आलं यावरून ठरतं. ज्यांच्याशिवाय त्या घटकेला भागत नव्हतं ते बाहेर राहिले. आणि नाइटवाल्यांचा तर प्रश्नच नाही. ग्रुप फोटो उजेडात काढतात, आणि उजेडात नाइटवाले झोपलेले असतात. पंचवीस-तीस वर्षं नोकरी करून, पन्नाशी आणि साठी दोन्ही उत्सवांच्या काळात पाळीवर असून, एकाही फोटोत नसलेली माणसं मावशीनं मला बोटांवर मोजून दाखवली.

साठीचा, १९८६ सालचा फोटो तिच्याकडे रंगीत आहे, आणि तो कृष्णधवलपेक्षा जास्त खराब झाला आहे. हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं. कृष्णधवल फोटोतली आकृती चांदीच्या कणांची असते. मुंबईच्या दमट हवेत तिला कडेनं चंदेरी झाक चढते, पण चेहरे टिकतात. रंगीत फोटोत चांदी नसते, तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदांत निळसर थर आधी उडायचा, अगदी बंद कपाटात अंधारात ठेवलं तरी. मागे उरतो लालसर, गुलाबी फोटो. मावशीच्या फोटोत शामियाना लाल, झाडं लाल, पांढरे युनिफॉर्म गुलाबी झाले आहेत. सत्तर-ऐंशीतले रंगीत फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते आधी स्कॅन करावेत, आजोबांचे कृष्णधवल नंतर केले तरी चालतील. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तेही थांबवून ठेवू नये. फिल्म कुजायला लागल्याची ती खूण असते, आणि एका फिल्मचा आंबटपणा डब्यातल्या बाकीच्यांनाही लागतो.

१९८६ हे साल केईएमच्या इतिहासात आणखी एका कारणासाठी मोठं. ६ ऑगस्टला तिथे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्यांच्यासोबत डॉ. टी. सी. आनंद कुमार होते, परळच्याच प्रजननसंशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. बाळाचे फोटो देशभर छापून आले आणि खाली मजकूर होता: भारतातली पहिली. पुढे जे घडलं ते मला त्या जन्माइतकंच मोठं वाटतं. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे करून दाखवलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी समिती नेमली, त्यांना परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. आनंद कुमार यांच्या हाती पुढे मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आली. त्यांनी ती बारकाईनं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की पहिले आम्ही नव्हतो, ते होते. स्वतःच्या फोटोखालची ओळ स्वतः खोडून तिथे दुसऱ्याचं नाव लिहिणारा माणूस फार विरळा. केईएमच्या शताब्दीच्या प्रदर्शनांत त्या बाळाचा फोटो जिथे कुठे लागेल, तिथे ही गोष्टही लागावी. संस्थेचा मान त्यानं वाढेलच.

फोटो आणि डॉक्टर यांचं नातं मुंबईत फार जुनं आहे. ग्रँट मेडिकलमधून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. त्या आठ जणांची नावं आजही सांगता येतात, भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, लिस्बोआ वगैरे, कारण ती वेळच्या वेळी नोंदली गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्याशी जोडलेले होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. म्हणजे या शहरात कॅमेरा हातात घेणाऱ्या पहिल्या देशी माणसांत आपले डॉक्टर आहेत. पण त्याच सुमाराला मुंबईच्या रहिवाशांचे जे फोटो छापले जात होते, त्यांखाली माणसाचं नाव नसे. जात असे, नाहीतर धंदा: भंडारी, कोळी, भिस्ती. एकीकडे डॉक्टरांची नावनिशीवार यादी, दुसरीकडे बाकीच्या शहराचे नमुने. त्या सवयीची सावली आपल्या ग्रुप फोटोंवर अजून आहे असं मला वाटतं. 'थिएटर स्टाफ', 'चतुर्थ श्रेणी कर्मचारी', 'वॉर्ड क्रमांक अमुक', एवढ्यावर आपण थांबतो.

आणि हे फक्त खालच्या रांगेबद्दल नाही. मेडिकलच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं 'ग्रेज ॲनाटॉमी' हे शरीररचनेचं पुस्तक हाताळलेलं असतं. त्यातली मूळ चित्रं काढणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ मध्ये, पुस्तक आलं त्याच वर्षी, मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकलमध्ये शिकवू लागले. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाची प्रुफं तपासताना लेखक ग्रे यांनी कार्टर यांचं नाव लहान टायपात करायला लावलं होतं. तेव्हा नाव छोटं करणं, गाळणं हा उद्योग पहिल्या रांगेतही चालतो. फरक एवढाच, की तिथे कुणीतरी कधीतरी प्रुफं शोधून काढतं. ड्रम धरलेल्या पोराची प्रुफं नाहीत.

केईएमच्या सर्वांत मोठ्या दिवसांचे तर बहुधा उत्सवी फोटोच नाहीत. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे हृदयाचं प्रत्यारोपण केलं. डॉ. बर्नार्ड यांनी केपटाउनला जगातलं पहिलं केलं होतं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पण आशियात असं धाडस प्रथम परळला झालं, महापालिकेच्या रुग्णालयात, गिरणी कामगारांच्या वस्तीत. सेन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, असायलाच हवं. त्या रात्री यंत्रावर कोण होतं, रक्ताच्या बाटल्या कोणी धावत आणल्या, थिएटर कोणी धुतलं, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

आणि एक आठवण, जिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसं गेली. मृत आणि जखमी केईएमला आणले गेले. मृतांची ओळख लवकर पटावी म्हणून त्यांच्या कपाळावर क्रमांक लिहून फोटो काढले गेले आणि ते नातेवाइकांना दाखवायला लावले. त्यावर खूप टीका झाली. ते फोटो पाहून मलाही भडभडून आलं होतं. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, की त्या फोटोंचा उद्देश एकच होता: क्रमांकाच्या जागी लवकरात लवकर नाव यावं. कुणीतरी येऊन म्हणावं, हा आमचा. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या आकांतात ते काम काही तासांत केलं गेलं. उत्सवाच्या फोटोंना आपल्याकडे भरपूर वेळ होता, पन्नास वर्षांचा होता, आणि तिथे आपण साधा क्रमांकसुद्धा टाकला नाही.

म्हणून आता मावशी आणि मी टाकतो आहोत. पद्धत साधी आहे, पैसे लागत नाहीत. फोटोवर बटर पेपर ठेवायचा आणि प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा पेन्सिलीनं गिरवायची, हलक्या हातानं, खालच्या फोटोवर दाब पडू न देता. स्कॅन मोठा छापून त्यावर गिरवलं तर आणखी बरं. प्रत्येक आकृतीत एक आकडा. वेगळ्या कागदावर आकड्यांपुढे नाव, त्या वेळचं काम, गाव, आणि कोणी सांगितलं. शेवटचा रकाना गाळू नये. मावशीनं सांगितलेलं आणि दुसऱ्या सिस्टरांनी सांगितलेलं जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर बॉलपेनानं कधीच नाही, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई मुरते. मऊ पेन्सिल, कडेला, चेहऱ्यांच्या मागची जागा सोडून. आणि यादीच्या खाली एक वेगळा मथळा: 'या वेळी ड्यूटीवर.' आमच्या यादीत त्याखाली तिघांच्या जागा आहेत. त्यातल्या मॅडमचं आणि सिस्टरांचं नाव मिळालं आहे.

जीएसच्या जुन्या विद्यार्थ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. तुमच्या बॅचचे फोटो तुम्ही जपलेत, दर रियुनियनला ते पडद्यावर दाखवता, एमएलटी या लेक्चर हॉलमध्ये बसून पुन्हा लेक्चर ऐकल्याचा आनंद घेता, हे फार छान आहे. त्या आनंदातला एक तास यासाठी द्या. पन्नाशीच्या उत्सवात जे तरुण हाउसमन होते ते आता पंचाहत्तरीला आले. तेव्हाचे वॉर्डबॉय त्याहून थोराड होते, त्यांतले फार थोडे असतील. पण त्यांची मुलं आहेत. पालिकेत वारसा हक्कानं त्यांतली काही अजून नोकरीतही असतील. लालबाग, काळाचौकी, घोडपदेव, नाहीतर गिरण्या बंद झाल्यावर बदलापूर-वांगणीपर्यंत फेकले गेलेल्या घरांत हाच फोटो भिंतीवर असायची शक्यता आहे, आणि तिथे त्यातल्या एका माणसाचं नाव चिमुरड्या नातवालाही ठाऊक असेल. शताब्दीच्या स्मरणिकेत जुने फोटो छापणार असाल तर नावांशिवाय छापू नका. नाव माहीत नसेल तर चौकटीत आकडा छापा आणि विचारा, हे कोण. शंभर जण वाचतील, एखादा सांगेल.

आमच्या फोटोतले तेवीसपैकी एकोणीस लागले. सिलिंडरवाल्या मामांचं नाव पगाराच्या जुन्या सोसायटीच्या पुस्तकात सापडेल असं मावशीच्या एका मैत्रिणीचं म्हणणं आहे. त्या तेव्हा सोसायटीच्या कमिटीवर होत्या. ड्रमवाल्या मुलाला आम्ही तेविसावा आकडा दिला आहे. कारवारच्या सिस्टर म्हणतात तो देवरुखकडचा होता आणि पुढे रेडिओलॉजीला बदलून गेला. मावशीला ते पटत नाही. तिच्या मते तो घाटावरचा होता, कारण गणपतीत तो सुट्टी मागायचा नाही आणि कोकणातल्यांच्या ड्यूट्या तोच करायचा. आम्ही दोन्ही लिहून ठेवलं आहे. रेडिओलॉजीत त्या काळी असलेले एक तंत्रज्ञ ठाण्याला राहतात. त्यांचा नंबर मिळाला आहे.